अडकलेल्या एकाच थ्रेडला सिग्नल कसा द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लिनक्सवर चालणारा, सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. त्यात आठ थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) आहेत आणि प्रत्येक थ्रेड एका वजनकाट्याचा सिरियल पोर्ट वाचतो. एखादा काटा मध्येच गप्प झाला की त्याचा थ्रेड रीडमध्ये, म्हणजे पोर्टवरून बाइट वाचणाऱ्या कॉलमध्ये, अडकून बसतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी टॉप या कमांडमधून त्या थ्रेडचा नंबर काढला आणि त्याला किल दिला, तर सगळा प्रोग्रामच बंद पडला. मग सिगयूझर१ या सिग्नलला हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावून तो सिग्नल प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रामला, पाठवला. हँडलर चालला, पण मेन थ्रेडमध्ये. शेवटी एकाच थ्रेडला सिग्नल देणारं पीथ्रेड_किल वापरलं. या वेळी हँडलर हव्या त्या थ्रेडमध्ये चालला, तरी रीड काही सुटलं नाही. त्यांना हवंय ते एवढंच: एकाच थ्रेडला सिग्नल देऊन तिथून बाहेर काढायचा खात्रीचा मार्ग.

मी फोंड्यात राहतो आणि बरीच वर्षं याच जातीचे प्रोग्राम लिहितो, दुरुस्त करतो. काटे, वीजमीटर, टाक्यांमधली पातळी मोजणारी यंत्रं. अडकलेला थ्रेड हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे. तुमचे तीन प्रयत्न एकाच कारणाने फसले असं वाटतं, पण तिघांची कारणं वेगळी आहेत. ती सुटी करून पाहिली की मूळ प्रश्नसुद्धा थोडा बदलतो. सिग्नल पाठवणं हे एका ओळीचं काम आहे. अवघड भाग पुढचा: तो पोचल्यावर थ्रेडने काय करायचं, आणि मुळात तो थ्रेड वाट कशी पाहत बसलाय.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. सिरियल पोर्ट वाचणारा कोड तुमचा स्वतःचा आहे, की काट्याबरोबर आलेली बंद लायब्ररी ते काम करते, यावर माझा सल्ला बदलतो. प्रश्नात ते आलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू लिहितो.

आता पहिला प्रयत्न. टॉपमध्ये थ्रेडचे जे वेगवेगळे नंबर दिसतात ते खरे आहेत, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र नंबर देतोच. पण किल या सिस्टिम कॉलला त्यातला कुठलाही नंबर दिला तरी तो त्या नंबरावरून थ्रेडचा गट शोधतो आणि सिग्नल गटाच्या, म्हणजे पूर्ण प्रोसेसच्या नावावर टाकतो. वेगळं काही सांगितलं नाही तर किल कमांड सिगटर्म हा सिग्नल पाठवते, आणि त्याची ठरलेली कृती म्हणजे प्रोसेस संपवणं. म्हणून सगळं बंद झालं.

जुन्या लेखांमध्ये ‘थ्रेडच्या नंबरावर किल मारा’ असं लिहिलेलं सापडतं, आणि त्या काळापुरतं ते खोटं नव्हतं. २००३ साली आलेल्या २.६ कर्नलच्या आधी लिनक्सवरचे थ्रेड म्हणजे जवळजवळ स्वतंत्र प्रोसेसच असायचे. प्रत्येकाला आपापला प्रोसेस नंबर होता, त्यामुळे सिग्नल त्या एकालाच जायचा. नवी थ्रेड व्यवस्था आली तशी ती पोझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकाच्या नियमांप्रमाणे वागू लागली आणि तो जुना सल्ला बाद झाला. लेख मात्र तसेच राहिले.

पुढचं नीट समजायला हवं. सिगटर्म तुम्ही पीथ्रेड_किलने अगदी त्या एका थ्रेडला दिलात, तरीसुद्धा प्रोसेस मरेल. सिगकिल दिलात तरी मरेल. एकच थ्रेड मारणारा सिग्नल अस्तित्वातच नाही. सिग्नल एका थ्रेडला देता येतो, पण त्याची ठरलेली कृती ‘संपव’ किंवा ‘थांबव’ अशी असेल तर ती पूर्ण प्रोसेसवर होते. यामागे साधा विचार आहे. सगळे थ्रेड एकाच मेमरीत काम करतात. समजा तुमचा तिसरा थ्रेड मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या, आत आहे, तिथलं कुलूप त्याच्या हातात आहे, आणि नेमका त्या क्षणी कर्नलने त्याला उचलून बाहेर फेकला. कुलूप उघडणारा कोणी उरला नाही. बाकीचे सात थ्रेड पुढच्या मॅलॉकला एकामागून एक येऊन थांबतील. त्यापेक्षा पूर्ण प्रोसेस संपवून नव्याने सुरू केलेली बरी.

दुसऱ्या प्रयत्नाकडे वळतो. हँडलर मेन थ्रेडमध्ये का चालला?

आपल्याकडे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो आणि दारात भोंपू वाजवतो. त्याला घर माहीत असतं. घरातला कोण बाहेर येणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जो मोकळा असेल तो पिशवी घेऊन पाव आणायला जातो. किलने पाठवलेला सिग्नल असाच असतो, घराच्या नावाचा. ज्या थ्रेडने तो सिग्नल ब्लॉक केलेला नाही अशा कुठल्याही एकाला कर्नल तो देऊ शकतो. लिनक्स सहसा मेन थ्रेड मोकळा आहे का ते आधी पाहतो, म्हणून तुम्हाला तो तिथे दिसला. पण याची हमी कोणी दिलेली नाही, त्यावर प्रोग्राम उभा करू नका. पीथ्रेड_किल म्हणजे माजघरातून नाव घेऊन मारलेली हाक. ती त्या एकालाच जाते.

यात तीन गोष्टी कुणाच्या मालकीच्या आहेत ते लक्षात ठेवा, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. कुठल्या सिग्नलला कुठला हँडलर, हा तक्ता पूर्ण प्रोसेसचा एकच असतो. तिसऱ्या थ्रेडसाठी वेगळा हँडलर आणि पाचव्यासाठी वेगळा, असं करता येत नाही. एकाने बदलला की सगळ्यांचा बदलला. कुठले सिग्नल ब्लॉक करायचे तो मास्क मात्र प्रत्येक थ्रेडचा आपापला असतो. आणि न पोचलेले, खोळंबलेले सिग्नल दोन ठिकाणी साठतात: घराच्या नावाचे प्रोसेसच्या खात्यात, नावाने पाठवलेले त्या थ्रेडच्या खात्यात. काही सिग्नल मुळातच थ्रेडच्या नावाचे येतात. चुकीच्या मेमरीला हात लावला की येणारा सिगसेग्व्ह, शून्याने भागल्यावर येणारा सिगएफपीई, तुटलेल्या पाइपवर लिहिलं की येणारा सिगपाइप. ज्याने केलं त्यालाच ते मिळतात.

नवा थ्रेड जन्माला येताना ज्या थ्रेडने तो तयार केला त्याचा मास्क जसाच्या तसा घेऊन येतो. हे वाक्य मी एका पावसाळ्यात फार महागात शिकलो.

एका ठिकाणी ट्रकांचे काटे वाचणारा प्रोग्राम मी लिहिला होता. जूनचा पहिला आठवडा, संध्याकाळी गडगडाट सुरू झाला, वीज पडली आणि एका काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा आणि पाठवणारा भाग, गेला. काट्यापासून आलेली केबल जोडलेली, यूएसबीचा कन्व्हर्टर जागेवर, पण पलीकडून एकही बाइट येत नव्हता. माझ्या प्रोग्राममध्ये अशा वेळी त्या थ्रेडला सिगयूझर१ देऊन उठवायची सोय होती. पीथ्रेड_किल शून्य परत करत होतं, म्हणजे पाठवण्यात चूक नव्हती, आणि थ्रेड हलायला तयार नव्हता. बाहेर ट्रकांची रांग लागली होती. मी तिथे बसून तासभर हँडलरचाच कोड वाचत राहिलो.

शेवटी प्रॉकमध्ये, म्हणजे कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो त्या फोल्डरमध्ये, गेलो. तिथे प्रोसेसच्या नंबरच्या फोल्डरमध्ये टास्क नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक थ्रेडचं एक, आणि त्यात स्टेटस नावाची फाइल. तिच्यात खोळंबलेल्या सिग्नलांची सिगपीएनडी ही ओळ होती ०००००००००००००२००, आणि ब्लॉक केलेल्यांची सिगबीएलके ही ओळ होती ००००००००००००४२०२. हे सोळाच्या पायातले आकडे आहेत, प्रत्येक बिट म्हणजे एक सिग्नल. इंटेल आणि एआरएमच्या मशीनवर सिगयूझर१चा नंबर १०, म्हणजे उजवीकडून दहावा बिट, म्हणजे २००. सिगइंट दुसरा, म्हणजे २. सिगटर्म पंधरावा, म्हणजे ४०००. बेरीज ४२०२. माझा सिग्नल थ्रेडच्या दारापर्यंत आला होता आणि दार आतून बंद होतं. मी मेनमध्ये सुरुवातीलाच हे तीन सिग्नल ब्लॉक केले होते, पुढे एका वेगळ्या थ्रेडमध्ये ते निवांत स्वीकारायचे म्हणून. काटे वाचणारे थ्रेड त्यानंतर तयार झाले आणि तोच मास्क घेऊन आले. थ्रेडच्या पहिल्या ओळीत पीथ्रेड_सिगमास्कने सिगयूझर१ उघडला आणि काम झालं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, सिग्नलच्या बाबतीत तर्क लढवत बसण्याआधी ही फाइल उघडा. प्रोसेसच्या नावाचे खोळंबलेले सिग्नल एसएचडीपीएनडी या ओळीत, हँडलर लावलेले सिगसीजीटीमध्ये. सिग्नल कुठवर आला आणि कुठे अडला हे दोन मिनिटांत दिसतं.

आता तुमचा तिसरा प्रयत्न, जो खरं तर बरोबर होता. सिग्नल योग्य थ्रेडला गेला, हँडलर तिथेच चालला, आणि रीड सुटलं नाही. माझी जवळजवळ खात्री आहे की तुम्ही हँडलर लावायला साधं सिग्नल हे फंक्शन वापरलंय. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीत ते फंक्शन गुपचूप एसए_रीस्टार्ट हा फ्लॅग लावतं. त्याचा अर्थ असा की हँडलर संपल्यावर कर्नल तो अडलेला कॉल स्वतःच पुन्हा सुरू करतो. थ्रेड उठला, हँडलर चालवून आला आणि परत त्याच रीडमध्ये जाऊन बसला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलं नाही असं वाटतं. सिगॲक्शन वापरा आणि फ्लॅगच्या जागी शून्य द्या. मग रीड उणे एक परत करेल आणि एररनो या चुकीचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यात ईइंटर, म्हणजे ‘सिग्नलमुळे कॉल तुटला’, असेल. सिग्नल येण्याआधी काही बाइट हातात पडले असतील तर मात्र ईइंटर मिळणार नाही, तेवढ्या बाइटांची संख्या मिळेल. ती शक्यता धरून लिहा.

हँडलर रिकामा ठेवा. खरंच रिकामा, आत एकही ओळ नको. त्याचं काम फक्त कॉल तोडणं. सिग्नल इग्नोर केला तर कॉल तुटत नाही, ठरलेल्या कृतीवर सोडला तर प्रोसेस मरते. म्हणून मधला मार्ग हा रिकामा हँडलर. त्यात प्रिंटएफ टाकायचा मोह सगळ्यांना होतो, प्रश्नातल्या वर्णनावरून तुम्हीही टाकला असावा. थ्रेड स्वतः प्रिंटएफच्या आत असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही प्रिंटएफ केलं, तर बफर अर्धवट असतानाच त्यात दुसऱ्यांदा लिहिलं जाऊन घोळ होऊ शकतो. मॅलॉकच्या आत असताना हँडलरने मॅलॉक केलं तर थ्रेड स्वतःच्याच हातातल्या कुलपाची वाट पाहत कायमचा अडकू शकतो, म्युटेक्स या कुलपाचंही तेच. लिहायचंच असेल तर थेट राइट वापरा, आणि एररनोची किंमत आधी जपून नंतर परत ठेवा.

इथवर जे झालं ते एकत्र सांगायचं तर: सिगयूझर१ला सिगॲक्शनने रिकामा हँडलर लावा, फ्लॅग शून्य, काट्याच्या थ्रेडमध्ये तो सिग्नल उघडा, ‘आता थांब’ असं सांगणारा एक ॲटॉमिक फ्लॅग उभा करा आणि मग पीथ्रेड_किल करा, थ्रेड ईइंटर मिळताच फ्लॅग पाहून आपला आपण बाहेर पडेल. आपला आपण, हे महत्त्वाचं. हातातली कुलपं सोडून, पोर्ट बंद करून.

पण एवढ्यावर थांबलात तर वर्षातून दोनदा तो पुन्हा अडकेल, आणि नेमका का हे सापडणार नाही. कारण एक बारीक फट उरली आहे. थ्रेडने फ्लॅग पाहिला, तो खाली होता. आता तो रीडमध्ये शिरणार, एवढ्यात तुम्ही फ्लॅग वर केला आणि सिग्नल पाठवला. हँडलर चालला, पण तोडायला कॉलच नव्हता. थ्रेड पुढच्याच क्षणी रीडमध्ये शिरला आणि बसला. सिग्नल खर्च झाला. ही फट प्रोसेसरच्या काही सूचनांइतकीच रुंद आहे, टेबलावरच्या चाचणीत ती कधीच दिसत नाही. कारखान्यात महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोग्रामला ती गाठतेच.

ती बुजवायला पीपोल आहे. पोल म्हणजे पोर्टवर काही येईपर्यंत वाट पाहणारा कॉल, आणि पीपोल म्हणजे त्याचाच सिग्नलचा मास्क घेणारा प्रकार. थ्रेडमध्ये सिगयूझर१ ब्लॉक ठेवायचा, आणि पीपोलला असा मास्क द्यायचा ज्यात तो उघडा आहे. मास्क बदलणं आणि वाट पाहायला बसणं हे कर्नल एका दमात करतो, मध्ये फट राहत नाही. सिग्नल आधी आला असेल तर तो खोळंबून राहतो आणि पीपोलमध्ये पाय ठेवताक्षणी ईइंटर देतो. आधी पीथ्रेड_सिगमास्कने उघडून मग साधा पोल केला तर चालणार नाही, ती फट तशीच राहते. पोलच्या जातीचे कॉल एसए_रीस्टार्ट असला तरी पुन्हा सुरू होत नाहीत, हा आणखी एक फायदा.

आता माझं मत. वाचनाचा कोड तुमचा असेल तर सिग्नल वापरूच नका. प्रत्येक थ्रेडसाठी एक इव्हेंटएफडी (आकडा लिहून उठवता येईल असा, फाइलसारखा वापरायचा कर्नलचा काउंटर) तयार करा. थ्रेड पोलमध्ये दोन गोष्टींवर एकत्र वाट पाहील: सिरियल पोर्ट आणि इव्हेंटएफडी. थांबवायचं असेल त्याने इव्हेंटएफडीत एक आकडा लिहायचा. तो आधी लिहिला तरी हरवत नाही, थ्रेड केव्हाही पोलला आला तरी तो तिथे दिसतोच. मास्क नको, हँडलर नको, फट नाही. इव्हेंटएफडी २.६.२२ कर्नलपासून आहे, तुमच्या मशीनवर असणारच. त्याआधी लोक हेच काम स्वतःला जोडलेल्या पाइपने करत, ते आजही चालतं.

त्याहूनही साधी गोष्ट पोलच्या वेळेच्या मर्यादेत आहे. तुमचे इंडिकेटर सतत वजन पाठवणाऱ्या प्रकारात लावले असतील, तर ते सेकंदाला कितीतरी वेळा ओळ पाठवतात. अशा काट्याकडून तीन सेकंद एक बाइटही आला नाही, तर काटा गेलाय हे कळायला बाहेरच्या कोणाची गरज नाही. थ्रेड स्वतःच ते ओळखू शकतो, पोर्ट बंद करून पुन्हा उघडू शकतो, पडद्यावर लाल खूण दाखवू शकतो. तुमच्या प्रश्नातला ‘अडकलेला थ्रेड’ मुळात तयारच होणार नाही. काटा विचारल्यावरच उत्तर देणारा असेल तर उत्तराची मर्यादा ठरवा. पोल नको असेल तर पोर्टच्या टर्मिऑस या सेटिंगमध्ये व्हीमिन शून्य आणि व्हीटाइममध्ये सेकंदाचे दहावे भाग देता येतात, जास्तीत जास्त २५५, म्हणजे साडेपंचवीस सेकंद. ती मुदत संपली की रीड शून्य परत करतं.

मग थ्रेडला सिग्नल लागतो कुठे? जिथे आतला कोड आपल्या हातात नाही तिथे. काट्याबरोबर आलेली लायब्ररी आत कुठेतरी रीडमध्ये बसली असेल, तर तिला पोल शिकवता येत नाही. तिथे पीथ्रेड_किल आणि रिकामा हँडलर हाच उपाय. मात्र ईइंटर मिळाल्यावर ती लायब्ररी काय करते ते आधी एसट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने पाहा. पुष्कळ लायब्ररी ईइंटर दिसला की मुकाट्याने पुन्हा रीड करतात, आणि मग तुमचा उपाय तिथेच संपतो. अशा लायब्ररीला मी थ्रेडमध्ये ठेवत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र प्रोसेस करतो. प्रोसेस मारता येते, तिची मेमरी आणि कुलपं तिच्याबरोबर जातात, बाकीचे सात काटे चालू राहतात. लायब्ररी थ्रेडमध्येच ठेवावी लागली, तर फटीसाठी उपाय म्हणून सिग्नल एकदाच न देता, थ्रेड बाहेर आल्याची खूण मिळेपर्यंत शंभर मिलिसेकंदांच्या अंतराने देत राहावा. दिसायला ओबडधोबड आहे, पण बंद लायब्ररीच्या बाबतीत हेच टिकतं.

दुसरं ठिकाण म्हणजे भाषांची स्वतःची यंत्रणा. गो भाषेची १.१४ आवृत्ती, २०२० सालची, लांब चालणाऱ्या गोरुटीनला (गोच्या हलक्या थ्रेडला) थांबवायला नेमक्या त्या थ्रेडला सिगअर्ज पाठवते. तुमच्या प्रोग्राममध्ये गोचा भाग जोडलेला असेल आणि विनाकारण ईइंटर येत असतील तर तिकडे पाहा. पायथॉनमध्ये पीथ्रेड_किल मिळतं, पण पायथॉनमध्ये लिहिलेला हँडलर नेहमी मेन थ्रेडमध्येच चालतो. शिवाय ३.५पासून पायथॉन ईइंटर आल्यावर कॉल स्वतःच पुन्हा करतो, त्यामुळे ही युक्ती तिथे उपयोगाची नाही.

थ्रेड रद्द करणाऱ्या पीथ्रेड_कॅन्सलबद्दल कोणीतरी सुचवेलच. ते आतून सिग्नलच वापरतं. जीलिबसीने ३२ आणि ३३ हे दोन सिग्नल स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेत, म्हणूनच सिगआरटीमिन, म्हणजे आपल्याला मिळणारा पहिला रिअलटाइम सिग्नल, ३४पासून सुरू होतो आणि म्हणूनच नंबर थेट लिहू नये, सिगआरटीमिन अधिक एक असं लिहावं. रीड हे कॅन्सल होण्याचं ठिकाण आहे, त्यामुळे ते चालेल. पण वाटेतल्या प्रत्येक कुलपासाठी, प्रत्येक मॅलॉकसाठी सफाईचं फंक्शन तुम्ही लावलेलं असायला हवं, आणि परक्या लायब्ररीने ते लावलं असेल याचा भरवसा नाही. मी ते वापरत नाही.

एक धोका राहिला. थ्रेड संपून जॉइन झाल्यावर (दुसऱ्या थ्रेडने त्याच्या शेवटाची वाट पाहून तो आवरल्यावर), किंवा डिटॅच केलेला (ज्याची कोणी वाट पाहत नाही असा) थ्रेड संपल्यावर, त्याच्या जुन्या ओळखीवर पीथ्रेड_किल करणं हे नियमाबाहेरचं आहे आणि प्रोग्राम तिथेच कोसळू शकतो. ‘शून्य सिग्नल पाठवून थ्रेड जिवंत आहे का ते पाहू’ ही युक्तीही त्याच कारणाने चुकीची. थ्रेड जिवंत आहे की नाही याची नोंद तुम्ही स्वतः म्युटेक्सखाली ठेवा, सिग्नल त्याच म्युटेक्सखाली द्या, जॉइन नंतर करा.

प्रोग्रामच्या बाहेरून, दुसऱ्या प्रोसेसमधून एकाच थ्रेडला सिग्नल द्यायचा असेल तर टीजीकिल आहे. त्याला प्रोसेसचा आणि थ्रेडचा असे दोन्ही नंबर द्यावे लागतात, कारण जुन्या टीकिलमध्ये एक थ्रेड संपून तोच नंबर दुसऱ्या प्रोसेसच्या थ्रेडला मिळाला असेल तर सिग्नल भलत्याच्याच घरी जायचा. जीलिबसी २.३०पासून त्याचं फंक्शन मिळतं. पण मी बाहेरच्याला थेट आतल्या थ्रेडपर्यंत जाऊ देत नाही. मेनमध्ये सगळे बाहेरचे सिग्नल ब्लॉक करतो, एकच थ्रेड सिगवेटइन्फो या सिग्नलची वाट पाहणाऱ्या कॉलमध्ये बसवतो, आणि बाहेरून सिगक्यूने रिअलटाइम सिग्नलबरोबर काट्याचा आकडा पाठवतो. तो थ्रेड आकडा वाचून संबंधित इव्हेंटएफडीत लिहितो. रिअलटाइम सिग्नल रांगेत राहतात, दोन काट्यांसाठी लागोपाठ दोन पाठवले तर दोन्ही पोचतात. सिगयूझर१ असा रांगेत राहत नाही, दुसरा पहिल्यातच मिसळून जातो. सिगवेटइन्फो साध्या थ्रेडमध्ये चालत असल्यामुळे तिथे प्रिंटएफ, म्युटेक्स सगळं मोकळेपणाने वापरता येतं.

बदल केल्यावर चाचणी टेबलावर न करता काट्यापाशी जाऊन करा. आधी इंडिकेटरच्या बाजूची केबल काढा, म्हणजे कन्व्हर्टर जिवंत आणि बाइट बंद. मग यूएसबी कन्व्हर्टरच उपटा. तिथे पोल हँगअप सांगेल, तो तपासला नसेल तर थ्रेड गरागरा फिरत एक कोअर पूर्ण खाईल. मग ओळ अर्धी आलेली असताना इंडिकेटर बंद करा. आणि शेवटी एक काटा अडकलेला असतानाच पूर्ण प्रोग्रामला सिगटर्म द्या. प्रोग्राम सिस्टिमडी या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेखाली असेल आणि कोणी मुदत बदलली नसेल, तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट पाहून सिगकिल देतो. म्हणजे बंद व्हायला दीड मिनिट लागलं तर समजा कुठलातरी थ्रेड अजून अडकतोय. अशा वेळी त्या थ्रेडच्या स्टेटस फाइलमधल्या सिगने सुरू होणाऱ्या पाचही ओळी आणि एसएचडीपीएनडीची ओळ जशाच्या तशा इथे उतरवा, आणि स्टेटच्या ओळीत डी दिसतोय का तेही लिहा. डी असेल तर थ्रेड कर्नलच्या आत ड्रायव्हरपाशी थांबलेला आहे. तिथे सिगयूझर१ पोचणार नाही, कन्व्हर्टरचा ड्रायव्हरच पाहावा लागेल.